दगडशाई

चंदीगडला पोस्टिंग आली की नातेवाइकांच्या फोनला एकदम बहर येतो. मी तंगधारला होतो तेव्हा "येऊ का रे चार दिवस?" असं एकाही माणसानं विचारलं नव्हतं. चंदीगड म्हटलं की मात्र प्रत्येकाला शिमला आठवतं, मनाली आठवते, आणि वाटेत एक मुक्काम आपल्याकडे ठरलेला. तक्रार नाही. बायकोला माणसांची हौस आहे आणि चंडीमंदिरच्या घरात एक खोली जास्तीची आहे. आल्यापासून दोन वर्षांत मी चार वेळा शिमल्याला जाऊन आलो आणि चारही वेळा पाहुण्यांचा ड्रायव्हर म्हणून.

आमच्या ऑफिसच्या खिडकीतून शिवालिकची पहिली ओळ दिसते. हवा स्वच्छ असेल तर रात्री मागच्या डोंगरावर कसौलीचे दिवे दिसतात. शनिवारी सकाळी परवाणूपासून पुढे गाड्यांची जी रांग लागते, तिच्यातला निम्मा भाग त्याच दिव्यांकडे निघालेला असतो, आणि उरलेला शिमल्याकडे. धरमपूर ओलांडल्यावर कुमारहट्टी लागतं. तिथून एक लहानसा रस्ता उजवीकडे वर चढतो, त्या रस्त्याला फारसं कुणी वळत नाही. वर डगशाई आहे. चंदीगडपासून साधारण साठ किलोमीटर, उंची सहा हजार फुटांच्या आसपास, एक बाजार, एक पोस्ट, एक जुना तुरुंग, एक कबरस्तान, शाळा आणि फौज. बस्स.

मलाही तिकडे वळायचं सुचलं नव्हतं. आईनं सुचवलं.

आईचा भूगोल मनीऑर्डरच्या पावत्यांवर तयार झाला आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, १९६९ साली बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये भरती झाले आणि नायब सुभेदार होऊन घरी आले. मधल्या वर्षांतली बहुतेक पत्रं '५६ ए.पी.ओ.' अशा पत्त्यावरून यायची. हे ५६ ए.पी.ओ. कुठेतरी हिमालयात वसलेलं एक मोठं गाव असावं आणि आपला नवरा फार वर्षं तिथंच राहतो आहे, असं आईला बराच काळ वाटत होतं. (वाचकांत जे जुने फौजी आहेत, त्यांच्याही घरी हा समज असणार. पुढे ९९ ए.पी.ओ. आल्यावर आईला वाटलं, यांची गाव बदलून बदली झाली.) पण १९८२ च्या सुमाराला पलटण पीस स्टेशनवर आली आणि पत्रांवर पहिल्यांदा एका खऱ्या गावाचं नाव आलं. आमच्या पोस्टमननं ते शिक्क्यावरून लावून वाचलं, दगशाई. आळीतल्या बायकांनी त्याचं दगडशाई केलं. साताऱ्याकडच्या माणसाला दगड जवळचा, त्यामुळे तेच नाव चिकटलं. "यांची बदली दगडशाईला झालीय" असं आई अभिमानानं सांगायची.

दोन वर्षांनी, १९८४ च्या उन्हाळ्यात, अण्णांचा फॅमिली क्वार्टरचा नंबर लागला. जवानाला क्वार्टरचा नंबर लागणं ही तेव्हा काय गोष्ट होती, ते ज्यांनी त्या यादीत नाव ठेवून वर्षं काढली त्यांनाच कळेल. मी पहिलीतून दुसरीत गेलो होतो. आईनं जिल्हा परिषदेच्या शाळेतून माझा दाखला काढला. काळ्या ट्रंकेत तिखट, शेवया, चटणी, दोन गोधड्या भरल्या. थंडीचं गाव म्हणून कुणाकडून तरी लोकर आणून माझ्यासाठी स्वेटर विणायला घेतला. जूनच्या पहिल्या आठवड्यात निघायचं होतं. जून १९८४ मध्ये पंजाबात काय झालं ते सांगायला नको. गाड्या बंद झाल्या, रस्ते बंद झाले आणि पलटण डोंगरावरून खाली उतरली. तार आली, 'येऊ नका. पत्र मागाहून.' आई मला घेऊन शाळेत गेली आणि गुरुजींनी तोच दाखला परत ठेवून घेतला. त्यानंतर पलटण पुन्हा फील्डला गेली, पुन्हा ५६ ए.पी.ओ. सुरू झालं. क्वार्टरचा नंबर परत लागला नाही. स्वेटरची एक बाही राहिली होती. पुढच्या वर्षी तो मला होईना, म्हणून आईनं उसवून लोकरीचा गुंडा करून ठेवला.

अण्णांना जाऊन पाच वर्षं झाली. दोन्ही गुडघ्यांची तक्रार वाढली म्हणून आई गेल्या फेब्रुवारीत आमच्याकडे आली, ती इथेच होती. मधल्या काळात माझी पुढची पोस्टिंग आली, उत्तरेला, फील्ड. मुलगी दहावीत, म्हणून बायको आणि ती चंडीमंदिरलाच राहणार. आईही त्यांच्याबरोबर राहील हे आम्ही नवराबायकोनं आपापसात ठरवून टाकलं होतं. दवाखाना जवळ, लिफ्टची सोय, सोबत. आईनं त्यावर हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. तिला एकदा विचारलं तर म्हणाली, "ते बघू. आदी मला दगडशाई दाव."

दसरा झाला होता, दिवाळीला वेळ होता. बायको म्हणाली, तुम्ही दोघंच जा.

मोटारीनं दीड-दोन तासांचा रस्ता. आई म्हणाली, "त्ये कशानं जायचे?" अण्णा कालक्याहून छोट्या गाडीनं जायचे. मग आपणही छोट्या गाडीनं.

कालका-शिमला गाडीबद्दल मराठीत एवढं लिहून आलंय की मी भर घालत नाही. ९ नोव्हेंबर १९०३ ला सुरू झाली, रूळ अडीच फुटांचे, लांबी ९६ किलोमीटर, शंभराहून जास्त बोगदे, २००८ पासून जागतिक वारसा यादीत. बडोगच्या लांब बोगद्याची आणि त्या दुर्दैवी इंजिनिअरची गोष्ट तुम्हाला कुठेही मिळेल. आम्ही बडोगच्या आधीच्या स्टेशनवर उतरणार होतो, त्यामुळे ती सोडतो. मला या गाडीतली गंमत वेगळीच वाटते. ती इतकी हळू चढते की डोंगर बघायला वेळ मिळतो. टकसाल, गुम्मन, कोटी, सनवारा अशी स्टेशनं येतात, लाल पत्र्याचं छप्पर, दोन कुंड्या, हिरवा झेंडा धरलेला एक माणूस. खाली हायवेवर ट्रक आपल्या पुढे निघून जाताना दिसतात. रस्ता चौपदरी करताना डोंगर उभा कापलाय, प्रत्येक पावसाळ्यात त्याच्या जखमा पुन्हा उघडतात, त्याही दिसतात. आणि रूळ मात्र सव्वाशे वर्षांपूर्वी डोंगराच्या कलानं घेत, वळणं घालत गेलेले. आई बोगद्यात गाडी शिरली की पदर नाकाला लावायची. धूर नसतो म्हटलं, डिझेलचं इंजिन आहे. "त्येंनी पत्रात लिवलं व्हतं धुराचं," एवढंच बोलली.

स्टेशनच्या पाटीवर 'कुमारहट्टी डगशाई' लिहिलंय. आई पाटीखाली बराच वेळ उभी राहिली. तिला चौथीपर्यंतची अक्षरं येतात. एकेक अक्षर लावून वाचलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ड हाय रं. द न्हाई."

मी तीन दिवसांचा कार्यक्रम बनवून आणला होता. सवयच तशी. खडकवासल्याला तीन वर्षांत कॅडेटला कधी नुसतं चालू देत नाहीत, पळायचं किंवा सायकल हातात धरून पळायचं. त्यानंतरच्या वीसेक वर्षांत जे डोंगर पाहिले, ते एकतर चढायचे होते, नाहीतर राखायचे. समोरची धार दिसली की डोळे आपोआप पाण्याची जागा, आडोसा, चढायची वाट शोधायला लागतात. निसर्गसौंदर्य नंतर, वेळ उरला तर. तर कार्यक्रमात पहिल्या दिवशी दुपारी तुरुंग, संध्याकाळी सूर्यास्त, दुसऱ्या दिवशी सकाळी कबरस्तान, मग बाजार, मग टॅक्सी करून सोलन, तिसऱ्या दिवशी परतताना कसौली असं सगळं मिनिटांसकट होतं.

आईच्या गुडघ्यांनी तो कार्यक्रम पहिल्याच तासात रद्द केला. मेसच्या गेस्टरूमपुढे दगडी ओटा होता, ऊन होतं. ती तिथे बसली ती अंधार पडेपर्यंत. मी दोनदा घड्याळ बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, "कुणी यायचंय का?"

कुणी यायचं नव्हतं. मग मीही बसलो. चीडाच्या झाडांतून वारा जातो त्याचा आवाज लांबून पाण्यासारखा येतो. वाळलेली चीडफळं खाली पडतात, टप्प असा आवाज. शाळेच्या मैदानावर पोरं ओरडत होती, मग शिट्टी झाली आणि ओरडणं थांबलं. एका घराच्या पत्र्यावर कुणीतरी मक्याची कणसं वाळत घातली होती, आणि माकडांना हाकलायला एक म्हातारी काठी घेऊन खाली बसली होती. ती म्हातारी आणि माझी आई, दोघी जवळजवळ तासभर एकमेकींकडे बघत होत्या. भाषा येत नव्हती. शेवटी तिनं काठी उंचावून काहीतरी विचारलं आणि आईनं गुडघ्यावर हात ठेवून काहीतरी उत्तर दिलं. दोघींचं समाधान झालेलं दिसलं. रात्री दक्षिणेला खाली मैदानात दिवे लागले. तो एवढा मोठा उजेडाचा पट्टा कुठला, असं तिनं विचारलं. म्हटलं, पंचकुला, चंदीगड, आपलं घर त्यातच कुठेतरी. ती म्हणाली, हितनं लई लांब वाटतंय.

डगशाई एवढं शांत का राहिलं, याचा मी त्या ओट्यावर बसून विचार केला. १८१४ ते १६ च्या गुरखा युद्धानंतर हे डोंगर इंग्रजांना खुले झाले. मैदानातल्या तापानं आणि पटकीनं त्यांचे गोरे शिपाई लढाईपेक्षा जास्त मरत होते. म्हणून सबाथू, कसौली, डगशाई अशा छावण्या पहिल्याच उंच धारांवर वसवल्या, की पोरांना थंड हवा मिळावी. डगशाईची छावणी १८४७ ची. जमीन पतियाळा संस्थानाकडून मिळाली. ती महाराजा भूपिंदरसिंगांनी दिली असं काही ठिकाणी लिहिलेलं वाचायला मिळतं. भूपिंदरसिंगांचा जन्म १८९१ चा, तेव्हा ही देणगी त्यांनी जन्माच्या ४४ वर्षं आधी दिली असणार! नावाबद्दलही अशीच एक कथा आहे. मुघल काळात गुन्हेगारांच्या कपाळावर 'दाग-ए-शाही', म्हणजे शाही डाग, देऊन त्यांना इकडे हाकलत, त्यावरून डगशाई. खरं-खोटं देव जाणे. पण शिमल्याला लाटसाहेब गेले, कसौलीला मॅडम लोक गेले, आणि डगशाईला आला तो आजारी शिपाई, शिक्षेचा शिपाई, नाहीतर पलटण आली म्हणून आलेला शिपाई. हौसेनं इथे कुणी आलंच नाही, मग हौसेची दुकानं तरी कशाला येतील? बाजार अजून तेवढाच आहे, एक उतरती गल्ली.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या गल्लीत गेलो. पाच मिनिटांच्या उताराला आम्हाला पस्तीस मिनिटं लागली, कारण प्रत्येक कठड्यावर बसायचं होतं. एका किराणा दुकानात सत्तरीचे लालाजी होते. आईचं नऊवारी बघून त्यांनी विचारलं, मराठा? म्हटलं, हो. "मराठा पलटण इथे होती," ते हिंदीत सांगू लागले, "माझे वडील तेव्हा गल्ल्यावर बसायचे. गणपती बनवायचे ते लोक, ढोल वाजवत सगळ्या बाजारातून न्यायचे. आम्ही पोरं मागे मागे. आणि साखर! चहात एवढी साखर घालणारी माणसं मी परत बघितली नाहीत." मी आईला मराठीत सांगितलं. साखरेवर ती हसली. अण्णांना शेवटची दहा वर्षं मधुमेह होता. लालाजींनी साल नक्की सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. ती अण्णांचीच पलटण होती की दुसरी, याची खात्री करून घ्यायची मला गरज वाटली नाही. आईला तर वाटलीच नाही. तिनं त्यांच्याकडून पावशेर शेंगदाणे घेतले आणि चार दाणे तिथेच तोंडात टाकले.

तुरुंग बाजारापासून जवळ आहे. १८४९ ला बांधला, ५४ कोठड्या, जाड दगडी भिंती, उंचावर हातभर झरोके. २०११ पासून तिथे लष्करानं संग्रहालय केलं आहे. दाखवणारा माणूस भला होता. कोठड्यांतल्या लाकडी जमिनीवर टाच आपटून दाखवत म्हणाला, कैदी हलला तरी पहारेकऱ्याला ऐकू जावं म्हणून ही जमीन. आमचं मराठी ऐकून त्यानं आवाज खाली आणला आणि सांगितलं, नथुराम गोडसेलाही काही काळ इथे ठेवलं होतं. असं तिथे सांगतात खरं. १९४९ साली त्याचं अपील शिमल्याला पूर्व पंजाब उच्च न्यायालयापुढे चाललं होतं, एवढं नक्की. महाराष्ट्राच्या माणसाला हे ऐकवताना समोरचा आपल्या चेहऱ्याकडे बघतो, आणि आपण चेहऱ्याचं काय करावं ते कळत नाही. आई तोवर पुढे निघून गेली होती.

माझ्यासारख्या वर्दीतल्या माणसाला तिथे थांबवतो तो दुसराच कैदी, जेम्स डेली. कनॉट रेंजर्स ही इंग्रजांच्या फौजेतली आयरिश पलटण. तिची पहिली बटालियन १९२० मध्ये जालंधरला होती. तिकडे आयर्लंडमध्ये इंग्रजांनी बंडखोरांविरुद्ध जी दडपशाही चालवली होती, तिच्या बातम्या घरच्या पत्रांतून यांच्यापर्यंत पोचत होत्या. २८ जूनला जालंधरच्या बॅरेकीत जवानांनी सांगितलं, आमच्या देशातून फौजा काढा, तोवर आम्ही ड्यूटी करणार नाही. बातमी सोलनच्या कंपनीपर्यंत गेली. तिथे डेली पुढारी झाला. १ जुलैच्या रात्री त्यांनी संगिनी घेऊन शस्त्रागारावर चाल केली, पहाऱ्यानं गोळी चालवली, दोघे ठार झाले. कोर्टमार्शलमध्ये ६१ जणांना शिक्षा झाल्या. १४ जणांना मृत्युदंड होता, त्यातल्या तेरा जणांचा माफ झाला. डेलीचा झाला नाही. २ नोव्हेंबर १९२० ला सकाळी त्याला याच तुरुंगाच्या आवारात गोळ्या घातल्या. वय २० वर्षं. बंडाच्या गुन्ह्यासाठी मृत्युदंड झालेला तो ब्रिटिश फौजेतला शेवटचा शिपाई. दोन वर्षांनी आयर्लंडचा बराच भाग स्वतंत्र झाला आणि कनॉट रेंजर्स पलटणच मोडीत काढली.

आर्मी अॅक्टचं ३७ वं कलम, बंड, आम्हाला पाठ असतं. ज्या हातात देशानं बंदूक दिली, त्या हातानं शस्त्रागारावर चाल केली तर फौज ती फौज राहत नाही. हे मी मानतो, आणि त्या कोर्टमार्शलमध्ये मी बसलो असतो तर काय केलं असतं याचं उत्तरही मला माहीत आहे. पण तो पोरगा ज्या पत्रांमुळे उभा राहिला ती पत्रं घरून आली होती. फौजी माणसाला हे कलमाबाहेरचं कळतं. मी ती कोठडी बघून बाहेर आलो तेव्हा घसा कोरडा पडला होता.

आईला मी ही गोष्ट सांगितली, सोपी करून. एक पोरगं, लांबच्या देशातलं, गावाकडं जुलूम चाललाय म्हणून इथं काम करेना, मग गोळ्या घातल्या. ती व्हरांड्यात स्टुलावर बसली होती.

"आई व्हती का त्येला?"

"होती. आदल्या दिवसांत त्यानं तिला पत्र लिहिलं."

"पोचलं?"

"पोचलं. अजून जपून ठेवलंय."

"आन् त्यो?"

"इथंच पुरलं होतं. १९७० साली हाडं काढून त्याच्या देशात नेली. मोठ्या मानानं."

तिनं बोटांवर हिशेब केला. "पन्नास वर्सं," म्हणाली. "आई तवर कुठली असायला." मग उठली आणि भिंतीचा आधार घेत उन्हात गेली.

कबरस्तान थोडं उतरून आहे. मला वाटलं नव्हतं ती येईल, पण आली. गवत वाढलेलं, दगड कललेले. तिथली एक कबर सगळ्या डोंगरात प्रसिद्ध आहे. एका इंग्रज लष्करी डॉक्टरची बायको १९०९ मध्ये पोटात मूल असताना गेली, त्यानं तिच्यासाठी संगमरवरी मूर्ती बसवली. पुढे आसपासच्या बायकांत समज पसरला की त्या दगडाचा तुकडा जवळ ठेवला की मुलगा होतो. पिढ्यान्‌पिढ्या तुकडे काढून मूर्तीची पार रया गेली. मी सांगितलं तसं आई जवळ गेली, मूर्तीच्या तुटक्या कडेवरून अंगठा फिरवला.

"मुलगा झाला तरी पलटणीतच जायचा की ह्या गावात," म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "हिच्या घरचं कोण येतं का हितं?"

म्हटलं, माहीत नाही. तिनं पदराच्या गाठीतले शेंगदाणे काढून तिथल्या दगडावर ठेवले. आम्ही वळल्यावर माकडांनी ते नेले असणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी आवरून टॅक्सीची वाट बघत होतो. माझ्या कार्यक्रमातलं कसौली कधीच गळलं होतं, आणि मला त्याची आठवणही नव्हती. आई म्हणाली, पोष्टात जायचं. पोस्ट म्हणजे लहानशी खोली, एक खिडकी, एक टेबल. आईनं पन्नास पैशांचं कार्ड मागितलं. पोस्टमास्तरांनी टेबलाचा खण उपसून कार्ड शोधलं. कार्डं आता फारशी कुणी नेत नाही, म्हणाले. तिनं माझ्याकडून पेन घेतलं आणि बाकावर बसून लिहायला लागली. "मी लिहू का?" म्हटलं तर मान हलवली. चार ओळींना तिला वीस मिनिटं लागली. मी दाराशी उभा राहून समोरच्या भिंतीवरचा अल्पबचतीचा तक्ता दोनदा वाचला.

कार्ड माझ्या हातात दिलं ते पत्ता तपासायला. कार्डावरचं कुणीही वाचू शकतं, मीही वाचलं. गावाकडे माझ्या चुलतीला, म्हणजे तिच्या धाकट्या जावेला, लिहिलं होतं. मी दगडशाई बघितली. नाव डगशाई आहे. गाव चांगलं आहे, थंडी आहे, पाणी गोड आहे. दिवाळीच्या आधी मी घरी येते, घराची कुलपं काढून झाडून ठेव, आता परत जाणार नाही.

मी ते वाचून तिच्याकडे बघितलं. ती पोस्टमास्तरांकडे बघत होती.

"आई, गुडघे. आणि तिकडे रात्री-बेरात्री कोण आहे?"

"चाळीस वर्सं कोण व्हतं?"

"तेव्हा तू तिशीत होतीस."

"व्हय. आन् तू जाणार तिकडं बर्फात. सूनबाईनं तुजी वाट बगायची, पोरीचं बगायचं, का माजे गुडघे चोळायचे? येका घरात वाट बगणारं येकच असावं. दोगी असल्या की येकीचं बगून दुसरीला रडू येतं."

याला उत्तर असेल तर मला सापडलं नाही. एनडीएत वादविवाद स्पर्धेत दोन ढाली मिळवल्यात, तरीही. मी बायकोला फोन करतो म्हटलं, ती म्हणाली कर की, तिला माहीत हाय. म्हणजे दोघींचं आधीच बोलणं झालेलं होतं. घरात मी कमांडिंग ऑफिसर नाही, हे अशा वेळी फार स्पष्ट होतं.

पोस्टमास्तर कार्डावर शिक्का मारणार तेवढ्यात आईनं खिडकीतून हात आत घालून त्यांना थांबवलं. मला म्हणाली, त्येनला सांग, शिक्का नीट उठू दे. मी हिंदीत सांगितलं. त्या माणसानं काही विचारलं नाही. शाईची गादी जरा ओली केली, रद्दी कागदावर एकदा मारून बघितला, मग कार्डावर शिक्का ठेवून वरून तळहातानं दाबून धरला.

जाताना मी टॅक्सी कुमारहट्टीला न थांबवता सरळ खाली घेतली, कारण गाडीच्या वेळेला अडीच तास होते आणि आईला आता घाई झाली होती. परवाणूपर्यंत ती गाढ झोपली.

ती विमानानं पुण्याला गेली, तिथून चुलतभाऊ येऊन घेऊन गेला. शेजारच्या मुलीला रात्री सोबतीला ठेवलंय, तालुक्याच्या डॉक्टरांशी माझं बोलणं झालंय, ईसीएचएसचं कार्ड सातारच्या पॉलिक्लिनिकला जोडून घेतलंय. (ज्यांचे आईवडील गावी आहेत त्या वाचकांनी हे काम बदलीच्या धावपळीआधी उरकावं, नंतर होत नाही.) मी फेब्रुवारीत वर जातोय. पत्ता पुन्हा ५६ ए.पी.ओ.

कार्ड आईच्या नंतर पोचलं, टाकल्यापासून चौदाव्या दिवशी. काकूनं फोन करून कळवलं. मजकुराबद्दल ती काही बोलली नाही, तो तिला समोरच दिसत होता. म्हणाली, शिक्का लख्ख उठलाय, पोस्टमनला वाचून दाखवायची पण गरज पडली नाही.